तराजू आणि तळहात: न्यूझीलंड व्हाइट सशाचं वजन आणि बांधा सुधारताना

खिल्लार बैल बघायला गेलेला माणूस वजन विचारत नाही. तो आधी मागे जाऊन उभा राहतो, पुठ्ठे बघतो, पाठीवरून हात फिरवतो, चालवून पायांची ठेवण बघतो आणि मग किंमत काढतो. सशाच्या शेडवर आलेल्याचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो: "नर किती किलोचा आहे?" तो किती दिवसांचा असताना किती किलोचा होता, किती पिल्लांच्या विणीतला आहे, हे क्वचितच कुणी विचारतं. पाठीवर हात तर त्याहून कमी लोक ठेवतात.

सातारा जिल्ह्यात माझी छोटी शेड आहे, अठरा माद्या आणि सहा नरांची. पहिली दोन वर्षं मीही फक्त किलोच मोजले. त्यातून लांबलचक, अरुंद कंबरेचे, तंगड्या ससे तयार झाले. काट्यावर बरे दिसायचे, कापल्यावर हाडंच हाडं. वजन आणि बांधा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तराजू सांगतो, दुसरी हात सांगतो. आणि वय, वीण, ऋतू समान धरल्याशिवाय दोघंही खोटं बोलतात. पुढचं सगळं या अनुभवातून आलेलं आहे.

आधी जात ओळखा

नावात न्यूझीलंड असलं तरी ही जात अमेरिकेत घडली. पांढरी शाखा १९१७ च्या सुमारास कॅलिफोर्नियात पुढे आली आणि मांसासाठीचा ससा म्हणून जगभर पसरली. अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशनच्या मानकात प्रौढ नराचं वजन ९ ते ११ पौंड, म्हणजे साधारण ४.१ ते ५ किलो, आणि मादीचं १० ते १२ पौंड, म्हणजे ४.५ ते ५.४ किलो धरलं आहे. मादी नरापेक्षा मोठी असते, हे लक्षात ठेवा. नव्या माणसाला मादी थोराड दिसली की जातीत भेसळ आहे असं वाटतं. तसं नसतं.

आपल्याकडे 'न्यूझीलंड' म्हणून विकले जाणारे, तीन-सव्वातीन किलोवर थांबलेले ससे सर्रास दिसतात. त्याला उन्हाळा, खुराक, नात्यातल्या नात्यात होत गेलेली जोडणी आणि 'पांढरा तो न्यूझीलंड' ही समजूत, अशी सगळीच कारणं आहेत. म्हणून एकदम पाच किलोचं स्वप्न बघू नका. आहे त्या कळपाची आजची सरासरी हीच तुमची सुरुवात.

बांध्याच्या भाषेत ही जात 'कमर्शियल' प्रकारात मोडते. बाजूने पाहिलं तर पाठीची रेषा मानेपासून हळूहळू चढत जाते, कंबरेच्या शेवटी, खुब्यांवर, सगळ्यात उंच होते आणि तिथून गोल उतरत शेपटीपाशी संपते. वरून पाहिलं तर खांद्यांपासून पुठ्ठ्यांपर्यंत अंग थोडं थोडं रुंदावत जातं. खुब्यांपाशी जेवढी उंची, जवळजवळ तेवढीच रुंदी. हाडपेर मध्यम, पण अंग गच्च.

एक गैरसमज इथेच मिटवतो. रानातला ससा यात मिसळला तर काटक आणि मोठी पिल्लं होतील, असं अजूनही कुणीतरी सांगतं. रानससा हा वेगळ्या प्रजातीचाच नव्हे, वेगळ्या वंशाचा (जीनसचा) प्राणी. त्याची गुणसूत्रं ४८, पाळीव सशाची ४४. संकर होत नाही. शिवाय तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. नाद सोडा.

वही, काटा आणि कानातला नंबर

यात पैसा फारसा लागत नाही, पण चिकाटी लागते. पाच किलोचा, दहा ग्रॅमपर्यंत अचूक डिजिटल काटा, वर एक प्लास्टिकची खोल टोपली, आणि टोपलीत गोणपाटाचा तुकडा. गोणपाट नसेल तर ससा घसरतो, घाबरतो आणि आकडा नाचत राहतो. वजन सकाळी, खुराक टाकण्याआधी घ्यायचं, नेहमी त्याच वेळी. पोट भरलेला ससा आणि उपाशी ससा यांत दोन महिन्यांच्या वयालाही शंभरेक ग्रॅमचा फरक सहज पडतो.

प्रत्येक पिल्लाच्या डाव्या कानात गोंदण हवं. गोंदणाचा चिमटा मिळतो, शाई चोळायची, आठवड्याभरात नंबर स्वच्छ दिसतो. पिंजऱ्यावर पाटी लावून भागत नाही. पिंजरा धुताना पाटी इकडची तिकडे झाली की वर्षाचं काम वाया. माझं एकदा तसं झालं आहे. सहा माद्यांच्या बापांची नावं आजही माझ्या वहीत प्रश्नचिन्हासकट आहेत.

वहीत तीन वजनं पुरतात. पहिलं २१ व्या दिवशी, सगळ्या विणीचं एकत्र. तोवर पिल्लं जवळजवळ पूर्णपणे आईच्या दुधावर असतात, म्हणून हा आकडा पिल्लांचा नसून आईच्या दुधाचा आहे. दुसरं दूध तोडताना, मी ३५ व्या दिवशी तोडतो, तेव्हा एकेका पिल्लाचं. तिसरं ८४ व्या दिवशी. दुसऱ्या आणि तिसऱ्या वजनातला फरक हीच पिल्लाची स्वतःची कमाई, आणि निवडीसाठी सगळ्यात मोलाचा आकडा तोच.

का, ते उदाहरणाने सांगतो. पहिल्या वर्षी मी एक नर ठेवला. चार पिल्लांच्या विणीतला. दूध तोडताना १०५० ग्रॅम, ८४ व्या दिवशी २१५० ग्रॅम, शेडमध्ये सगळ्यात जड. त्याच आठवड्यातला आठच्या विणीतला दुसरा नर ३५ व्या दिवशी ७२० आणि ८४ व्या दिवशी १९८० ग्रॅम होता. तो मी विकला. आता तेच आकडे ४९ दिवसांत विभागा. पहिल्याची रोजची वाढ साडेबावीस ग्रॅमच्या आत, दुसऱ्याची पावणेसव्वीसच्या आसपास. पहिल्याने आईचं दूध चार तोंडांत वाटून घेतलं होतं, एवढंच त्याचं मोठेपण. त्याची पिल्लं पुढे अगदी सामान्य निघाली. दुसऱ्याचं काय झालं असतं हे आता कळायला मार्ग नाही, तो सातारच्या एका मटणवाल्याकडे गेला.

आकडे एका पातळीवर आणा

विणीतल्या पिल्लांची संख्या सारखी केली नाही तर कितीही वजनं घ्या, निवड चुकणारच. त्यासाठी तीन-चार माद्या एकाच दिवशी, फार तर दोन दिवसांच्या आत फळवायच्या. गाभणकाळ ३० ते ३२ दिवसांचा, त्यामुळे त्या बरोबरच वितात. विण्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत जास्तीची पिल्लं कमी पिल्लं असलेल्या आईखाली सरकवायची. मी प्रत्येकीखाली सातच ठेवतो, दूध भरपूर असेल तर आठ. मादी सहसा पिल्लाच्या वासावरून खळखळ करत नाही, पण हाताला दुसरा कसला तीव्र वास नसावा. सरकवलेल्या पिल्लाच्या कानाच्या आत मार्करचा ठिपका द्या आणि दोन-तीन दिवसांनी तो पुन्हा गडद करा, गोंदण होईपर्यंत. नाहीतर पालकत्वाचा घोळ होतो आणि वहीत सावत्र आईचं नाव चढतं.

दुसरं, ऋतू. मे महिन्यात जन्मलेलं पिल्लू आणि डिसेंबरातलं पिल्लू यांची तुलना म्हणजे दुष्काळातल्या आणि पाटपाण्याच्या उसाची तुलना. तापमान ३० अंशांच्या वर गेलं की ससा खाणं कमी करतो, कारण त्याला घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकायला मुख्य साधन कान. म्हणून निवडीसाठीच्या विणी मी फक्त ऑक्टोबर ते डिसेंबरातल्या धरतो. फळवणं सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत. ८४ दिवसांचं वजन जानेवारी ते मार्चमध्ये येतं, ऊन चढायच्या आत किंवा निदान कडक व्हायच्या आत. विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी मार्च टाळलेलाच बरा. उरलेल्या वर्षातल्या विणी मांसासाठी घ्या, त्यातून वाणाचा ससा निवडू नका.

उन्हाळ्याची एक शेपटी पावसाळ्यातही लोंबत राहते. तापलेल्या नराचं वीर्य बिघडतं आणि नवं चांगलं वीर्य तयार व्हायला सहा ते आठ आठवडे जातात. मेमध्ये धापा टाकणारा नर जुलैत मादीवर चढतो खरा, पण मादी रिकामी राहते. अशा वेळी 'नर वाईट' म्हणून विकू नका.

तिसरं, रोग. कॉक्सिडियाचा, म्हणजे आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचा, चोरटा संसर्ग असलेलं पिल्लू मरत नाही, पण फुगलेल्या पोटाचं आणि बारीक कंबरेचं होतं. ते आनुवंशिक दोषासारखं दिसतं. जाळीचा तळ, कोरडी लेंडी खाली पडू देणारी जागा, लेंडीने न भरणारं खाद्यपात्र आणि गरज पडली तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध. हे जमलेलं नसेल तर निवडीचं काम अजून सुरूच करू नका.

खुराक: वाढ दिसायला हवी तर

चांगल्या वाणाचं पिल्लू नुसत्या गवतावर ठेवलं तर ते वाईट वाणाच्या पिल्लासारखंच दिसतं. म्हणजे तुम्ही निवडणार कशातून? वाढत्या पिल्लांना १६ ते १८ टक्के प्रथिनांचा खुराक पोटभर आणि सोबत गवत मोकळं हवं.

पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या तयार खुराकाच्या गोळ्या, मिळत असतील तर उत्तम. आमच्याकडे वेळेवर मिळत नाहीत म्हणून मी घरी मिश्रण करतो. शंभर किलोला मका भरडा २५, गव्हाचा कोंडा ३५, सोयाबीन पेंड १५, वाळवून कुटलेला लसूणघास २२, खनिज मिश्रण २, मीठ १. प्रथिनं साधारण साडेसतरा टक्क्यांच्या आसपास येतात. तंतू मात्र ११ टक्क्यांच्याच घरात राहतात, ते सशाला कमी आहेत, म्हणून वाळलेलं गवत किंवा हरळी दिवसभर समोर हवीच. तंतू कमी पडले की हगवण लागते आणि हगवणीतून उठलेलं पिल्लू पुन्हा वाढीला लागत नाही. मिश्रण पाण्याचा हबका मारून ओलसर करा, नाहीतर भुकटी नाकात जाऊन शिंका सुरू होतात. दोन तासांत संपेल इतकंच द्या, ओला खुराक आंबतो. शेंगदाणा पेंड स्वस्त मिळते, पण पावसाळ्यात तिला बुरशी धरते आणि बुरशीचं विष ससा अजिबात सोसत नाही. मी ती वापरणं बंद केलं.

प्रौढ सशाचं उलट आहे. त्याला पोटभर खुराक दिला तर मोठा होत नाही, लठ्ठ होतो. रिकाम्या मादीला आणि नराला १२० ते १५० ग्रॅम खुराक आणि हिरवा चारा पुरतो. लठ्ठ मादी गाभण राहत नाही, आणि गळ्याखालची पोळी लोंबायला लागली की लोक तिलाच 'साईज' समजतात. चरबी म्हणजे साईज नव्हे.

हात काय सांगतो

हे काम मी ८४ व्या दिवशी वजनाबरोबरच करतो. त्याआधी करून उपयोग नाही, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात तर मुळीच करू नका. त्या वयात ससा नववीतल्या मुलासारखा असतो, हातपाय पुढे गेलेले आणि अंग मागे राहिलेलं. पुढची तपासणी थेट सहाव्या महिन्यात.

टेबलावर जाजमाचा तुकडा किंवा गोणपाट पसरा. ससा कानाला धरून उचलायचा नाही. मानेमागची सैल कातडी एका हाताने, दुसरा हात पुठ्ठ्याखाली. टेबलावर ठेवल्यावर अर्धा मिनिट नुसतं थांबा, श्वास खाली बसू द्या. मग पुढचे पाय डोळ्यांच्या सरळ खाली येतील असे ठेवा आणि मागच्या पायांची बोटं गुडघ्याच्या रेषेत आणा. बस. याहून जास्त ओढाताण केली की ससा खोटा दिसतो. मागचे पाय आत सारले तर सपाट पाठीचाही ससा चेंडूसारखा गोल होतो, मागे ओढले तर चांगल्या खोल अंगाचाही सपाट दिसतो. मोबाईलवर येणाऱ्या विक्रीच्या फोटोंत पहिली युक्ती हमखास असते. फोटोवरून नर घेऊ नका एवढंच सांगतो.

आता डोळे मिटा. खरंच मिटा, पांढऱ्या केसांचा फुगवटा डोळ्यांना फसवतो. दोन्ही तळहात खांद्यांवर ठेवा आणि मागे सरकवत न्या. चांगल्या सशावर हात थोडे थोडे फाकत जातात, कुठे अडखळत नाहीत. खांद्यांमागे हात खळग्यात पडला तर तो दोष. खांदे अरुंद असले की पुढचा भाग मागच्याला शोभत नाही, आणि हा दोष पिढ्यान् पिढ्या चिकटून राहतो.

कंबर सगळ्यात महत्त्वाची. शेवटच्या बरगडीच्या मागे अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला अशी पकड घ्या. कण्याच्या दोन्ही बाजूंना मांसाची गादी लागली पाहिजे, रुंद आणि टणक. कण्याचे मणके बोटांना एकेक करून मोजता आले तर ससा कितीही जड असो, बाजूला करा. कंबर फार लांब असेल तर ती मध्ये झोळ खाते. फार आखूड असेल तर मांसच कमी. माझी सोपी चाचणी अशी: शेवटच्या बरगडीपासून खुब्याच्या हाडापर्यंत माझी चार बोटं बसली की ठीक. तुमची बोटं वेगळी असतील, तेव्हा तुमच्या कळपातल्या सगळ्यात चांगल्या सशावर माप ठरवा.

मग पुठ्ठे. तळहाताची वाटी करून मागून झाका. वाटी भरली पाहिजे. खुब्याची हाडं टोचता कामा नयेत. आता हात तसाच खाली, शेपटीच्या दोन्ही बाजूंना न्या. इथे बरेच ससे उघडे पडतात: वर रुंद आणि खाली आत चिमटलेले, हात घसरून आत जातो. मांडीचं मांस खालपर्यंत भरलेलं हवं. शेवटी ससा हलकेच उचलून मागचे पाय बघा. टाचा एकमेकींकडे वळलेल्या असतील तर तो ससा वाणाला नाही. तळपायावर दाट केस आहेत का तेही बघा. जाळीवर आयुष्य काढायचंय, केस विरळ असतील तर वजन वाढलं की तळपायाला जखमा होतात. मोठा ससा करायचा आणि पाय पातळ ठेवायचे, असं चालत नाही.

प्रत्येक गोष्टीला पाचपैकी गुण द्या: खांदे, कंबर, पुठ्ठे, अंगाची खोली, पाय. कंबर आणि पुठ्ठ्यांचे गुण मी दुप्पट धरतो, कारण किमतीचं मांस तिथेच असतं. एकूण पस्तीस. गुण द्यायला लागलो त्या पहिल्या वर्षी माझ्या कळपात चोवीसच्या वर एकही नव्हता, आणि गुण देताना मी हात सैल सोडले होते.

हाताला सवय लागायला वेळ जातो. एक खात्रीची शाळा आहे: मांसाला जाणाऱ्या सशांना आदल्या दिवशी गुण द्या आणि कापल्यावर कंबर, मांड्या वेगळ्या तोलून बघा. पंधरा-वीस सशांनंतर हात आपोआप खरं बोलायला लागतात.

छाटणी: कोण राहील

सगळे निकष एकदम लावले तर डोकं फिरतं. मी चाळणी लावतो.

पहिली चाळणी दोषांची. खालचे-वरचे दात एकमेकांवर न बसणारे, नराचं एकच वृषण उतरलेलं किंवा लिंग टोकाला फाटलेलं, मादीला आठाहून कमी सड, वाकडे पाय, विनाकारण चावणारा स्वभाव. इथे दयामाया नाही. वजन कितीही असो.

दुसरी वजनाची. ३५ ते ८४ दिवसांची वाढ त्याच महिन्यात, त्याच खुराकावर वाढलेल्या सगळ्यांच्या सरासरीशी ताडून बघायची. नरांतले वरचे पाच-दहा टक्के आणि माद्यांतल्या वरच्या पंचवीस-तीस टक्के पुढे. नर थोडे लागतात म्हणून त्यांच्यावर चाळणी बारीक. कळपाची अर्धी जनुकं मूठभर नरांतून येतात, तेव्हा सुधारणाही बहुतांशी तिथूनच होते.

तिसरी हाताची. दुसऱ्या चाळणीतून आलेल्यांत जास्त गुणांचा तो राहतो. पन्नास ग्रॅमनी कमी, पण पाच गुणांनी जास्त, असा ससा मी डोळे झाकून ठेवतो.

यातून मिळतं किती, याचा हिशेब आधीच मांडलेला बरा. दूध तुटल्यानंतरच्या वाढीत आनुवंशिकतेचा वाटा साधारण ०.२ ते ०.४ धरतात. विणीतल्या पिल्लांच्या संख्येत तो ०.१ च्या आसपास, म्हणजे फारच कमी. समजा, तुमच्या कळपाचं ८४ दिवसांचं सरासरी वजन १८०० ग्रॅम आहे आणि निवडलेल्या नर-माद्यांचं मिळून २०५० ग्रॅम. फरक २५०. वाटा ०.३ धरला तर पुढच्या पिढीत अपेक्षित वाढ ७५ ग्रॅम. अडीचशे नव्हे, पंचाहत्तर. फक्त नर निवडले आणि माद्या जशा होत्या तशाच ठेवल्या तर त्याचीही साधारण निम्मी. पिढी वर्षाची धरा, चार वर्षांत फार तर तीनशे ग्रॅम, प्रत्यक्षात त्याहून कमीच. 'सहा महिन्यांत वाण बदलून देतो' म्हणणाऱ्याला हा हिशेब विचारा.

जोडणी: नात्याचा गुंता

लहान कळपात सगळ्यात चांगला नर त्याच्याच बहिणीवर किंवा मुलीवर जातो, कारण दुसरं कुणी नसतंच. बाप-मुलगी किंवा सख्खे भाऊ-बहीण यांच्या पिल्लांत अंतःप्रजननाचं प्रमाण २५ टक्के, सावत्र भाऊ-बहिणींच्या पिल्लांत साडेबारा. परिणाम आधी विणीच्या संख्येवर आणि पिल्लांच्या जगण्यावर दिसतो, मग वजनावर. दोन-तीन पिढ्या असं झालं की कळप आखडतो आणि आपण खुराकाला दोष देत बसतो.

मी कळपाची तीन घराणी केली आहेत: लाल, निळं, हिरवं. पिंजऱ्याला त्याच रंगाची पट्टी. प्रत्येकात सहा माद्या, दोन नर. नियम एकच: मुलगी माहेरीच राहते, मुलगा सासरी जातो. लालमधला निवडलेला नर निळ्यात, निळ्यातला हिरव्यात, हिरव्यातला लालमध्ये. उलटं कधी नाही. वंशावळीचा कागद समोर नसला तरी एवढ्याने जवळचं नातं बरीच वर्षं टळतं. माझ्या आईला हे ऐकून फार हसू आलं होतं, म्हणाली, माणसांत मुलगी जाते आणि तुझ्या सशांत मुलगा.

घराण्यातल्या मादीची बाहेरून आलेल्या नराशी जोडी लावताना एका बाजूची उणीव दुसऱ्याने भरून काढावी. खांदे अरुंद असलेल्या मादीला रुंद खांद्यांचा नर. पण दोन्हीकडे तोच दोष असेल तर ती जोडी लावायचीच नाही, वजनं कितीही छान असोत. मादी पहिल्यांदा फळवताना वयाबरोबर वजनही बघा. प्रौढ वजनाच्या ऐंशी टक्क्यांवर पोहोचलेली हवी, म्हणजे चार किलोच्या वाणात सव्वातीनच्या आसपास. लवकर फळवली की तिची स्वतःची वाढ खुंटते, आणि पुढे आपण म्हणतो की मादी लहानच निघाली.

जायंटचा मोह

या पद्धतीच्या तिसऱ्या वर्षी मला धीर धरवला नाही. एका मेळ्यात साडेपाच किलोचा 'जायंट' नर दिसला, विकणाऱ्याने 'एकाच पिढीत किलोभर वाढतील' म्हणून सांगितलं, आणि मी घेतला. सहा माद्यांना लावला.

पिल्लं ८४ व्या दिवशी माझ्या नेहमीच्या पिल्लांहून जेमतेम साठ-सत्तर ग्रॅमनी जास्त भरली. तेव्हा कळलं नाही, नंतर उमगलं. थोराड जातीचं पिल्लू त्या वयात हाडं वाढवत असतं, अंग नंतर भरतं. बारा आठवड्यांना कापायचं तर ते अर्धवटच असतं, मांसाचा उताराही कमी पडतो. सहाव्या महिन्यात ती पिल्लं खरोखर मोठी झाली, पण तोवर त्यांनी खाल्लेला खुराक आणि आलेली किंमत यांचा मेळ बसेना. कंबर हाताला लांब आणि ओकीबोकी लागायची. दोघांच्या तळपायांना जखमा झाल्या. जे मी दोन वर्षं झटून गोल केलं होतं, ते एका नराने सपाट केलं.

तरीही बाहेरचं रक्त कधीच घेऊ नये असं मी म्हणणार नाही. जायंटचं घ्यायचं असेल तर एका घराण्यात, दोन-तीन माद्यांपुरतं घ्या, आणि पुढे तीन पिढ्या आपल्याच चांगल्या न्यूझीलंड नरांवर परत आणा. वाटा पन्नासाचा पंचवीस, मग साडेबारा, मग सव्वासहा टक्के होतो, आणि प्रत्येक पायरीला हाताची चाळणी कडक ठेवायची. त्याहून सोपा रस्ता म्हणजे त्याच जातीचा, नोंदी असलेला नर दुसरीकडून आणणं. राजस्थानातल्या अविकानगरची केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आणि तिचं कोडाईकनालजवळचं मन्नवनूर केंद्र सशांवर काम करतात. जनावरांची उपलब्धता आधी विचारून घ्या. मन्नवनूर थंड डोंगराळ भाग आहे, तिथला ससा आणायचा तर नोव्हेंबर-डिसेंबरात आणा, म्हणजे पहिला उन्हाळा यायच्या आत तो रुळतो. आणलेला ससा कुठलाही असो, महिनाभर वेगळ्या शेडमध्ये ठेवायचा, आणि त्याला चारा शेवटी घालायचा, आपल्या सशांना घातल्यानंतर.

जुन्या नराचं काय करायचं

निवडलेला नर सहा महिन्यांचा झाला की त्याला निदान पाच-सहा माद्यांवर लावा, आणि त्याच महिन्यात दुसऱ्या नरालाही तेवढ्याच माद्यांवर. दोघांच्या पिल्लांच्या ३५ ते ८४ दिवसांच्या वाढीची सरासरी आणि हाताचे गुण शेजारी शेजारी लिहा. नराची खरी किंमत त्या पानावर असते, त्याच्या स्वतःच्या वजनात नव्हे.

म्हणून ८४ दिवस पूर्ण होईपर्यंत जुना नर विकू नका. फळवणं, गाभणकाळ आणि ८४ दिवस मिळून जवळपास चार महिने तो खाऊन बसतो, पिंजरा अडवतो आणि घरचे विचारतात की हा कशाला ठेवलाय. माझ्या निळ्या घराण्यात सध्या असाच एक नर आहे, स्वतः ३ किलो ८०० ग्रॅमचाच, दिसायला काही खास नाही. मागच्या हिवाळ्यात त्याच्या पिल्लांची रोजची वाढ शेजारच्या सव्वाचार किलोच्या नराच्या पिल्लांपेक्षा दोन ग्रॅमनी जास्त भरली आणि कंबरेला हाताला गादी लागली. सव्वाचार किलोचा मी या दिवाळीला विकला. घेणाऱ्याने आधी वजनच विचारलं.